औदार्य: रक्तातले आणि रीतीतले

माणसाच्या औदार्याविषयी झालेल्या संशोधनातले दोन निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले, की ते एकमेकांना खोडून काढतात असे प्रथमदर्शनी वाटते. पहिला निष्कर्ष स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आला. डेव्हिड सेझारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात जुळ्यांना ठरावीक रकमेतले किती पैसे स्वतःकडे ठेवायचे आणि किती एका परोपकारी संस्थेला द्यायचे, हे ठरवायला सांगितले होते. एकबीज जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांमध्ये, माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या जनुकीय भागांपैकी, सरासरी निम्मेच सारखे असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात आणि एकाच काळात वाढतात. त्यामुळे एकबीज जुळ्यांचे निर्णय द्विबीजांच्या निर्णयांपेक्षा जितके अधिक जुळतील, तितका जनुकांचा वाटा मोठा, असे या पद्धतीचे गणित आहे. त्या गणितानुसार देण्याच्या बाबतीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे २० टक्के फरकांचा संबंध जनुकांशी लागला. दोन वर्षे आधी, २००७ मध्ये, अन्यायाची वाटणी नाकारण्याच्या वृत्तीबाबत स्वीडनमधल्याच जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात हा वाटा ४० टक्क्यांच्याही वर गेला होता. दोन्ही भावंडांना समान मिळालेल्या घरच्या वातावरणाचा वाटा मात्र अगदीच थोडा निघाला, आणि ही गोष्ट संस्कारांवर भिस्त ठेवणाऱ्या पालकांना रुचणारी नाही.

दुसरा निष्कर्ष मानवशास्त्रज्ञांचा आहे. जोसेफ हेन्रिक यांनी १९९० च्या दशकात पेरूच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या माचिगेंगा लोकांबरोबर वाटणीचा एक सोपा खेळ खेळून पाहिला. पहिल्या खेळाडूला काही रक्कम मिळते आणि त्याने तिच्यातला काही भाग दुसऱ्या, अज्ञात खेळाडूला देऊ करायचा असतो. दुसऱ्याने तो स्वीकारला तर ठरल्याप्रमाणे वाटणी होते आणि नाकारला तर दोघांच्याही हाती काहीच लागत नाही. औद्योगिक देशांतले विद्यार्थी या खेळात साधारणपणे ४० ते ५० टक्के देऊ करतात आणि फार थोडे देऊ केले तर दुसरा खेळाडू ते बहुधा नाकारतो. माचिगेंगांनी सरासरी २६ टक्केच देऊ केले आणि ते नाकारावे असे जवळजवळ कुणालाच वाटले नाही. या निकालाने चकित झालेल्या संशोधकांनी पुढे हाच खेळ १५ लहान समाजांमध्ये नेला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांनी निम्म्याहून अधिक देऊ केले. पापुआ न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाउ समाजांमध्ये तर काही लोकांनी निम्म्याहून अधिक देऊ केले आणि समोरच्यांनी तेही अनेकदा नाकारले. वय, लिंग, संपत्ती या व्यक्तिगत गोष्टींवरून कोण किती देईल याचा अंदाज बांधता येत नव्हता. तो माणूस कोणत्या समाजात राहतो यावरून मात्र बऱ्यापैकी बांधता येत होता.

मग औदार्य रक्तात असते की रीतीत असते? हा प्रश्न या थाटात विचारला जातो तेव्हा त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात, असे माझे मत आहे. स्वीडनच्या अभ्यासाने विचारले होते की एकाच समाजात, जवळपास सारख्याच कायद्यांत, शाळांत आणि रूढींत वाढलेल्या माणसांपैकी काही जण इतरांपेक्षा अधिक का देतात. हेन्रिक यांनी विचारले होते की एका समाजातला सरासरी माणूस दुसऱ्या समाजातल्या सरासरी माणसापेक्षा अधिक का देतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जनुके येणे आणि दुसऱ्याच्या उत्तरात संस्कृती येणे यात विसंगती काहीच नाही. आनुवंशिकतेची टक्केवारी ही एका विशिष्ट लोकसमूहातल्या फरकांचे मोजमाप असते. एखाद्या माणसाच्या दानातले २० टक्के त्याच्या जनुकांनी दिले, असा तिचा अर्थ होत नाही, आणि एका समाजात मोजलेली टक्केवारी दुसऱ्या समाजाला जशीच्या तशी लावताही येत नाही. ज्या समाजात सर्वांना सारखीच वागणूक आणि सारखेच नियम मिळतात, तिथे उरलेल्या फरकांमध्ये जनुकांचा वाटा आपोआपच मोठा दिसतो. कारण फरक पडायला दुसरे फारसे काही शिल्लकच नसते.

हा खुलासा न करता लिहिलेल्या बातम्यांचे पीक मधल्या काळात उदंड आले होते. व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन या संप्रेरकांच्या ग्राहींशी, म्हणजे पेशींवरच्या ती टिपणाऱ्या प्रथिनांशी, संबंधित जनुके आणि दातृत्व यांचा संबंध दाखवणारे शोधनिबंध २००८ च्या आसपास प्रसिद्ध झाले आणि वृत्तपत्रांनी लगेच ‘औदार्याचे जनुक’ सापडल्याचे जाहीर केले. त्यांतले बहुतेक अभ्यास काहीशे माणसांवर केलेले होते आणि मोठ्या नमुन्यांवर तसे संबंध पुन्हा सापडेनात. ऑक्सिटोसिनचा फवारा नाकात मारला की माणसाचा अनोळखी व्यक्तीवरचा विश्वास वाढतो, हा २००५ चा प्रसिद्ध दावाही २०२० मध्ये सहाशेहून अधिक लोकांवर केलेल्या पडताळणीत टिकला नाही. वर्तनाशी निगडित बहुतेक गुणधर्मांच्या बाबतीत आता असे दिसते, की हजारो जनुकीय फरकांचा प्रत्येकी अत्यल्प प्रभाव असतो. म्हणजे जुळ्यांच्या अभ्यासातला जनुकांचा वाटा खरा असू शकतो आणि तरीही ज्याच्याकडे बोट दाखवावे असे एकही जनुक नसू शकते.

परोपकाराचा मूळ प्रश्न उत्क्रांतिवाद्यांपुढे फार आधीपासून होता. स्वतःचे नुकसान करून दुसऱ्याचा फायदा करणारी वृत्ती नैसर्गिक निवडीत टिकते कशी? विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये दिलेले उत्तर नात्यावर आधारलेले होते: लाभार्थीला होणारा फायदा गुणिले नात्याची जवळीक हे देणाऱ्याच्या नुकसानीपेक्षा मोठे असेल, तर ती वृत्ती पसरते. रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७१ मध्ये परतफेडीचे उत्तर जोडले. ज्याची गाठ पुन्हा पुन्हा पडणार आहे, त्याला आज दिलेले उद्या परत येते. आप्तांना आणि नेहमीच्या सोबत्यांना मदत करणारे असंख्य प्राणी या दोन तत्त्वांत बसतात. नाते नसलेल्या, पुन्हा कधीही न भेटणाऱ्या आणि कुणी पाहत नसताना मदत मागणाऱ्या परक्याला देणारा माणूस मात्र त्यांत नीट बसत नाही.

इथे जॉर्ज प्राइस यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. नैसर्गिक निवड व्यक्तींच्या आणि गटांच्या पातळीवर एकाच वेळी कशी काम करते, हे मांडणारे समीकरण त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. लंडनमध्ये राहणाऱ्या या अमेरिकन संशोधकाने पुढची वर्षे बेघर आणि व्यसनाधीन लोकांना आपले पैसे, कपडे आणि घरदेखील देऊन टाकण्यात घालवली. जानेवारी १९७५ मध्ये अत्यंत विपन्नावस्थेत त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या आयुष्यावरून सिद्धान्ताविषयी काही निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, परंतु परोपकाराचे गणित मांडणारा माणूस त्या गणिताच्या बाहेर जाऊन देत राहिला ही नोंद या क्षेत्राच्या इतिहासात कायमची राहिली आहे.

आपल्या जवळच्या नातलगांकडे पाहिले तर कोडे अधिकच गडद होते. चिंपांझींना २००५ मधल्या एका प्रयोगात दोन पर्याय दिले होते: एका पर्यायात फक्त स्वतःला खाऊ मिळे, दुसऱ्यात स्वतःला तेवढाच खाऊ मिळून शेजारच्यालाही मिळे. शेजाऱ्याच्या लाभाची त्यांनी काही फिकीर केल्याचे दिसले नाही. पुढच्या काही प्रयोगांत चिंपांझी याहून बरे वागले हे खरे, आणि हातातून पडलेली वस्तू उचलून देण्यासारखी मदत तेही करतात. तरी आपण होऊन अन्न वाटणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. याउलट मार्मोसेट आणि टॅमरिन ही इवलीशी माकडे, जी उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर आपल्यापासून कितीतरी दूर आहेत, आपणहून दुसऱ्याला अन्न मिळवून देतात. युडिथ बुरकार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माणसासह १५ प्रजातींना जवळपास एकच चाचणी देऊन पाहिले, तेव्हा असे औदार्य मेंदूच्या आकारावरून ओळखता येत नव्हते. पिल्लांचे संगोपन आईखेरीज इतरही किती करतात, यावरून ते सर्वांत चांगले ओळखता येत होते. मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी बराच काळ हेच सांगत आल्या आहेत. माणसाचे मूल इतके दीर्घकाळ परावलंबी असते की एकट्या आईला ते वाढवणे शक्य नव्हते, आणि आजी, मावशी, मोठी भावंडे, शेजारी अशा अनेक हातांवर वाढणाऱ्या प्रजातीतच दुसऱ्याच्या गरजेकडे लक्ष देण्याची वृत्ती रुजली. मला हा युक्तिवाद पटतो, कारण औदार्याचा उगम तो रणांगणावरच्या त्यागात शोधत नाही.

जनुके आणि संस्कृती यांचे सांधे सर्वांत स्पष्ट दिसतात ते मात्र मुलांच्या वाढीत. दीड वर्षाचे मूल, अजून धड बोलताही येत नसताना, हात भरलेल्या मोठ्या माणसासाठी कपाटाचे दार उघडून देते. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००६ मध्ये हे प्रयोगातून दाखवले. मदतीची ही ओढ शिकवणुकीच्या फार आधी येते. पण मदत करणे वेगळे आणि आपल्याजवळचे काढून देणे वेगळे. बेली हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतले लॉस एंजेलिस, फिजीतले बेट, मध्य आफ्रिकेतले आका, नामिबियातले हिंबा, इक्वादोरचे शुआर आणि ऑस्ट्रेलियातले मार्टू अशा सहा समाजांतल्या ३ ते १४ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्यांना त्यांनी सारखेच पर्याय दिले. देण्यात स्वतःचे काही जात नसेल, तेव्हा सगळ्या समाजांतली मुले वाढत्या वयाबरोबर साधारण एकाच वाटेने गेली. देण्यासाठी स्वतःचा वाटा सोडावा लागत होता, तेव्हा लहान मुले सगळीकडे सारखीच वागली, आणि ती वयाने वाढू लागली तसे त्यांचे देणे आधी सगळीकडेच कमी झाले. त्यानंतर, साधारण शाळकरी वयाच्या मध्यावर, वाटा फुटल्या. प्रत्येक समाजातली मुले आपापल्या समाजातल्या मोठ्यांसारखी होऊ लागली. जिथे मोठे अधिक देत होते तिथे मुलेही अधिक देऊ लागली, आणि जिथे देत नव्हते तिथे तीही देईनाशी झाली.

याच गटाने २०२० मध्ये आठ समाजांवर पुढचा अभ्यास केला. त्यात मुलांना आधी सांगितले जाई की अमुक प्रकारे वाटणी करणे योग्य आहे, आणि मग ती काय करतात हे पाहिले जाई. अशा सांगण्याचा प्रभाव पडू लागण्याचे वय सर्व समाजांत जवळपास तेच, म्हणजे शाळकरी वयाचा मधला टप्पा, निघाले. याचा अर्थ मी असा लावतो, की ‘इतके द्यावे’ असा काही आकडा जनुकांत लिहिलेला नाही. आपल्या माणसांत काय योग्य मानतात ते हेरण्याची, ते आपलेसे करण्याची आणि त्यासाठी तोटाही सोसण्याची क्षमता मात्र सगळीकडे सारखीच उमलते, आणि ती ज्या वयात उमलते त्या वयात मुलाच्या अवतीभोवती ज्या रीती असतील त्यांनुसार त्याचा हात सैल किंवा आखडता होतो. समाजासमाजांतली विविधता ही या समान वारशाचीच फलश्रुती आहे.

अशी रीत-शिकाऊ वृत्ती माणसात आली कुठून, याचे उत्तर संस्कृतीच्याच दीर्घ इतिहासात शोधावे लागते. संस्कृती जनुकांवर परिणाम करू शकते याचे सर्वमान्य उदाहरण दुधाचे आहे. पशुपालन सुरू झाल्यानंतरच्या सुमारे १०,००० वर्षांत प्रौढपणीही दूध पचवू देणारे जनुकीय बदल युरोपात, आफ्रिकेत आणि अरबस्तानात वेगवेगळे घडून पसरले. म्हणजे आधी रीत बदलली आणि मग रक्त बदलले. लुइगी काव्हाली-स्फोर्झा आणि मार्कस फेल्डमन यांनी १९८१ मध्ये आणि रॉबर्ट बॉइड व पीटर रिचरसन यांनी १९८५ मध्ये अशा दुहेरी वारशाचे गणित मांडले. औदार्याच्या बाबतीत त्यांचा युक्तिवाद असा: वाटून खाण्याच्या आणि न वाटणाऱ्याला शिक्षा करण्याच्या रूढी एकदा रुळल्या, की त्या रूढी चटकन शिकणारी, त्या मोडताना ओशाळणारी माणसे अशा समाजात अधिक सुखरूप राहतात, त्यांची मुले अधिक जगतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच स्वभाव बळावत जातो.

गटागटांतल्या स्पर्धेने परोपकार वाढला, ही कल्पना डार्विन यांनी १८७१ मध्येच मांडली होती. तिच्यावरचा जुना आक्षेप रास्त आहे: शेजारच्या गटांमध्ये सतत विवाह आणि स्थलांतर होत असल्याने त्यांच्यातला जनुकीय फरक फारच थोडा राहतो आणि निवडीला पकडायला काही सापडत नाही. परंतु रीतींना हा आक्षेप तितकासा लागू होत नाही, कारण परक्या गटात गेलेला माणूस जनुके बदलू शकत नसला तरी रीत बदलतो. अ‍ॅड्रियन बेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये शेजारी देशांच्या जोड्या घेऊन हिशेब मांडला, तेव्हा मूल्यांमधला फरक जनुकीय फरकापेक्षा दहापटीहून अधिक भरला. पुढे २०२० मध्ये कार्ला हँडली आणि सारा मॅथ्यू यांनी केनियातल्या तुर्काना, साम्बुरू, रेंडिले आणि बोराना या पशुपालक समाजांतल्या कुळांचा अभ्यास केला. ज्यांच्या श्रद्धा आणि रूढी आपल्याशी अधिक जुळतात त्यांच्याशी सहकार्य करण्याकडे लोकांचा कल अधिक आढळला. रीतींचे औदार्य कुंपण घालूनच येते, ही त्या निष्कर्षाची दुसरी बाजू आहे, आणि गटस्पर्धेचे समर्थक ती जरा हळू आवाजात सांगतात असे मला वाटते.

शिक्षेविषयीही थोडी सावधगिरी हवी. न देणाऱ्याला स्वतःच्या खर्चाने शिक्षा करणारी माणसे असली की सहकार्य टिकते, हे २००२ च्या प्रयोगांनी दाखवले होते. पुढे २००८ मध्ये १६ शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा, विशेषतः मस्कत आणि अथेन्समध्ये, कमी देणारेच उदार खेळाडूंना शिक्षा करताना आढळले, आणि तिथे शिक्षेची सोय असूनही सहकार्य फारसे वाढले नाही. आक्रमक व्यक्तींना गटाने हजारो वर्षे दूर सारल्यामुळे माणूस स्वतःच माणसाळत गेला, ही रिचर्ड रँगम यांची मांडणी आकर्षक आहे. ती सिद्ध झाली असे मात्र मी म्हणणार नाही.

या सगळ्या मोजमापाची एक मर्यादा सांगायला हवी. टांझानियातले हाडझा वाटणीच्या खेळात कमी देतात, पण प्रत्यक्षात शिकारीचे मांस तळावर वाटले जाते. फरक इतकाच, की ते मागितल्यामुळे आणि न देण्याची सोय नसल्यामुळे वाटले जाते, आणि संधी मिळाली तर ते टाळण्याकडेही अनेकांचा कल असतो. पराग्वेतले आचे हेही शिकारीवर जगत आलेले लोक, पण त्यांचा शिकारी मिरवायला नको म्हणून सावज तळाबाहेर ठेवून येतो आणि इतरांना ते सापडू देतो. खेळातही ते जवळपास निम्मे देतात. उपजीविका सारखी असूनही देण्याची घडण वेगळी. पापुआ न्यू गिनीत मोठी भेट स्वीकारणे म्हणजे परतफेडीचे ओझे आणि कमीपणा पत्करणे असल्याने तिथला नकार समजू शकतो. केनियातल्या मसाई लोकांमध्ये गरजेपुरते मागण्याचे आणि गरजेपुरतेच देण्याचे एक पवित्र नाते असते. ली क्रॉंक यांनी एका खेळाला त्या नात्याचे नाव दिले तेव्हा खेळाडूंनी हस्तांतरित केलेल्या रकमा चक्क घटल्या. पैशाचा आकडा लहान म्हणून औदार्य लहान, असे समीकरण तिथे कोलमडते.

म्हणूनच प्रयोगशाळेबाहेरचे एक उदाहरण मला अधिक बोलके वाटते: अनोळखी रुग्णाला जिवंतपणी मूत्रपिंड देणारी माणसे. अ‍ॅबिगेल मार्श यांनी २०१४ मध्ये अशा १९ अमेरिकन दात्यांच्या मेंदूंचा अभ्यास केला. त्यांच्या मेंदूतला उजवा अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेला भाग, सरासरीने मोठा होता आणि भेदरलेले चेहरे पाहिल्यावर तो अधिक तीव्रतेने प्रतिसाद देत होता. नमुना लहान आहे, आणि मेंदूतला फरक जन्मजातच असतो असेही नाही. तरी देण्याच्या बाबतीत माणसे मुळातच वेगवेगळ्या घडणीची असतात या समजुतीला त्याने पुष्टी मिळते. त्याच सुमारास मार्श यांच्याच गटाने दाखवले, की अमेरिकेच्या ज्या राज्यांत लोकांचे जीवन अधिक समाधानाचे आहे, तिथे असे दाते लोकसंख्येच्या प्रमाणात अधिक निघतात. आणि या दोन्हींच्या वर कायदा आहे. जर्मनीच्या १९९७ च्या कायद्याने जिवंत दात्याचे अवयवदान नातलग आणि निकटच्या व्यक्तींपुरते ठेवले. ब्रिटनमध्ये अनोळखी व्यक्तीला असे दान करण्याची वाट २००६ मध्ये मोकळी झाली आणि तेव्हापासून शेकडो लोकांनी ते केले. ज्यांनी ते केले त्यांतले बहुतेक जण २००६ च्या आधीही त्याच देशात, त्याच जनुकांसह राहत होते.